सुटी मिळाली, उसंत कुठे आहे?

गिरणीचा भोंगा हा एकेकाळी मुंबईच्या जीवनाचा ठेका होता. तो कामगाराला बोलावून घेई आणि पाळी संपल्याचेही तोच सांगे. कामाच्या जागेला तेव्हा भिंत होती. तिच्याबाहेर पडलेला माणूस कितीही थकलेला असला, तरी पुढल्या भोंग्यापर्यंत तो स्वतःचा असे. आज भोंगे थांबले आहेत, काम मात्र भिंत ओलांडून माणसाच्या खिशात येऊन बसले आहे. रात्री साडेदहाला साहेबांचा निरोप येतो, रविवारी दुपारी ‘माहिती तातडीने पाठवावी’ असा आदेश येतो. निरोप वाचल्याची खूणही पाठवणाऱ्याला दिसत असल्याने ‘पाहिला नाही’ असे म्हणण्याचीही सोय उरलेली नाही. अशा स्थितीत कामाचे तास कशाला म्हणावेत, हा प्रश्न नव्याने विचारणे भाग आहे.

विश्रांतीचा हक्क या देशात कोणी आपण होऊन दिलेला नाही. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले. त्या वेळच्या मागण्या आज वाचल्या, तर त्यांच्या साधेपणानेच मन अस्वस्थ होते: आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सूर्यास्ताबरोबर कामाची समाप्ती. साप्ताहिक सुटीसाठी सहा वर्षे झगडावे लागले. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुटी मान्य केली.

दिवसाच्या तासांची कथा याहून लांबली. कारखान्यांतील आठवडा १९२२ साली ६० तासांचा, १९३४ साली बारमाही कारखान्यांपुरता ५४ तासांचा आणि १९४६ साली ४८ तासांचा झाला. हा शेवटचा बदल मंजूर झाला, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. बारा तास कमी व्हायला चोवीस वर्षे लागली. हा इतिहास ठाऊक असलेल्या महाराष्ट्रात आठवड्याला ७० तास, पुढे ९० तास काम करण्याचे उपदेश अलीकडच्या काळात बड्या उद्योगधुरिणांनी केले, आणि त्यांना टाळ्या वाजवणारेही निघाले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची कमाल मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर आणि दुकाने व आस्थापनांतील मर्यादा नऊवरून दहावर नेण्यास मान्यता दिली. जादा कामासाठी कामगाराची संमती आणि दुप्पट मोबदला आवश्यक आहे, असे त्यावर सांगितले जाते. पण नोकरीची शाश्वती नसलेल्या माणसाची संमती कितपत स्वेच्छेची असते, हे ज्याने मालकासमोर उभे राहून ‘नाही’ म्हणण्याचा प्रयत्न केला आहे, त्यालाच विचारावे.

थकवा आणि झीज

या प्रश्नाची शारीरिक बाजू आता वादातीत आहे. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ तास वा त्याहून अधिक काम करण्याशी निगडित पक्षाघात व हृदयविकार यांमुळे २०१६ या एका वर्षात जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे दगावली. मनाची झीज अशी मोजता येत नाही, म्हणून ती दुर्लक्षिली जाते. आरोग्य संघटनेने २०१९ साली कामातून येणाऱ्या या झिजेची तीन लक्षणे नोंदविली: शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा वा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही अशी खंत. तिने या अवस्थेला रोग म्हटले नाही, तर कामाच्या ठिकाणच्या ताणाचा नीट बंदोबस्त न झाल्याचा परिणाम मानले. हा भेद महत्त्वाचा आहे. मूळ कारण कामाच्या रचनेत असेल, तर केवळ कर्मचाऱ्याला प्राणायामाच्या शिबिराला पाठवून ते दूर होणार नाही.

शिक्षकांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या २७व्या कलमाने त्यांना अशैक्षणिक कामांना जुंपण्यास मनाई केली, पण जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांचा अपवादही ठेवला. शिवाय शाळेतल्या शाळेत भरायचे तक्ते, पाठवायची छायाचित्रे आणि ‘ऑनलाइन’ नोंदी कोणत्याही कलमात मोजल्या जात नाहीत. वर्गातल्या पाच तासांनी शिक्षक दमतो, पण त्या दमण्यात समाधान असते. ज्या कामाचा हेतू आपल्याला पटत नाही आणि ज्याला अंत नाही, ते काम माणसाला आतून पोखरते. कारकुनाचीही गत निराळी नाही. राज्य शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून आपल्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा दिला आणि त्याबदल्यात रोजचे काम ४५ मिनिटांनी वाढवले. रिक्त पदांचा भार उरलेल्यांवर पडतो, तेथे मिळालेला शनिवार टेबलावरचा ढीग उपसण्यात जातो.

स्त्रियांच्या बाबतीत तर ‘कामावरून घरी’ हा शब्दप्रयोगच फसवा आहे. केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे आणि पुरुष ८८ मिनिटे घालवतात, असे आढळले. नोकरी करणारी गृहिणी कार्यालयातून सुटते ती दुसऱ्या पाळीवर हजर होण्यासाठी. तिच्या मनःस्वास्थ्याची चर्चा कायद्याच्या पुस्तकात सुरू करून भागणार नाही, ती स्वयंपाकघरातच सुरू करावी लागेल.

रिकामपण म्हणजे विश्रांती नव्हे

काम हेच मनाचे औषध आहे, रिकामे मन अधिक बिघडते, असा एक आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. ऑस्ट्रियातील मारिएनथाल या गावातला कापडाचा कारखाना १९३०च्या सुमारास बंद पडला, तेव्हा तेथील बेकारांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना विलक्षण चित्र दिसले. माणसांजवळ वेळच वेळ होता, पण वाचनालयातून पुस्तके नेणे कमी झाले होते आणि रस्त्यावरची चालही मंदावली होती. दिवसाला आकार देणारे काम गेले आणि त्याबरोबर फुरसतीचा अर्थही गेला. मुंबईच्या गिरणगावानेही १९८२च्या संपानंतर या दुःखाची चव घेतली आहे. परंतु यातून निष्कर्ष निघतो तो अमर्याद कामाच्या बाजूचा नव्हे. कामाला सीमा असली तर विश्रांतीला चव येते, आणि विश्रांती खरी असली तर कामात जीव येतो. पदवी घेऊन वर्षानुवर्षे स्पर्धा परीक्षांची वाट पाहणारा विद्यार्थी आणि दोन माणसांचे काम एकट्याने ओढणारा त्याचा मोठा भाऊ ही एकाच घरातली दोन टोके आहेत. काम नीट वाटले गेले, तर दोघांचीही प्रकृती सुधारेल.

कामाच्या वेळेबाहेर संपर्क नाकारण्याचा हक्क फ्रान्सने २०१७ साली कायद्यात आणला, ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये. सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत याच आशयाचे खासगी विधेयक मांडले होते, पण १९७० नंतर संसदेत एकही खासगी विधेयक कायदा होऊ शकलेले नाही. कायद्याची वाट पाहत बसण्याचे तरी कारण काय? कार्यालयीन वेळेनंतर निरोप पाठवू नयेत, असा ठराव एखादी शाळा, बँकेची शाखा वा तहसील कचेरी आजही करू शकते. रिक्त जागा भरणे, जादा कामाची नोंद ठेवणे आणि हक्काची रजा घेणाऱ्याकडे संशयाने न पाहणे, यांसाठी नव्या कलमाची गरज नाही. गरज आहे ती विश्रांती मागणाऱ्या माणसाला आळशी न समजण्याची.

लोखंडे यांच्या काळातील कामगारांनी रविवार मिळवला, तेव्हा मालकाच्या यंत्राबरोबर माणूसही यंत्र होऊ नये, एवढीच त्यांची अपेक्षा होती. ते यंत्र आता तळहाताएवढे झाले आहे. रविवार दिनदर्शिकेवर अजून लाल अक्षरात छापला जातो, पण तो खरोखर कोणाच्या मालकीचा, याचा निकाल पुन्हा एकदा लावावा लागणार आहे.