हाकेला ओ न देणारं भात

आषाढात सिल्वासाहून खानवेलकडे निघालं की वाटेत भाताची लावणी चाललेली दिसते. भरपूर पाऊस, वारा, दमट उष्मा! भाताला मानवणारी ही हवा कडा करप्यालाही तितकीच मानवते.

हा रोग जिवाणूचा. पानाच्या कडेला जादा पाणी बाहेर टाकणारी बारीक छिद्रं असतात. तिथून, किंवा वाऱ्यात पानं घासून झालेल्या जखमांतून, तो आत शिरतो. लावणीपूर्वी रोपांचे शेंडे कापले तर त्याला आयतीच वाट मिळते. रोगट पान कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरा, कापलेल्या टोकातून दुधाळ धार उतरू लागते. ती धार म्हणजे अगणित जिवाणू! भारतात हा रोग आधी दिसला तो आपल्याच बाजूला, १९५१च्या सुमारास, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात. एकदा पसरला की फवारणीने तो फारसा आटोक्यात येत नाही, म्हणून सगळी भिस्त वाणावर.

आफ्रिकेतल्या माली देशातलं एक रानभात या जिवाणूला दाद देत नाही, हे कटकच्या भात संशोधन संस्थेत आढळलं. पुढे फिलिपिन्समध्ये गुरदेव खुश आणि सहकाऱ्यांनी अनेक वर्षं संकर करून तो गुण लागवडीच्या भातात उतरवला. त्या जनुकाचं नाव एक्सए-२१. त्याचं प्रथिन पेशीच्या आवरणात राहून जिवाणूचा एक छोटा रेणू ओळखतं आणि पेशीला सावध करतं.

मला मात्र खरं थक्क करतं ते एक्सए-१३ हे दुसरं जनुक. जिवाणू आपलं एक प्रथिन भाताच्या पेशीत ढकलतो. ते थेट भाताच्या डीएनएवर बसतं आणि साखर पेशीबाहेर सोडणारं जनुक चालू करतं. म्हणजे भातच आपल्या शत्रूला जेवू घालतं! एक्सए-१३च्या वाणात नेमकी त्या बसायच्या जागेची अक्षरं बदललेली असतात. जिवाणूचं प्रथिन येतं, पण त्याला जागा सापडत नाही आणि साखर सुटत नाही. परक्याचा हुकूम न ऐकणं एवढ्यानेच रोप वाचतं.

एकट्या जनुकावर जिवाणू कधी ना कधी मात करतो. म्हणून हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी ही दोन आणि तिसरं एक्सए-५, अशी तिन्ही जनुकं बारीक दाण्याच्या सांबा मसुरीत एकत्र आणली. हा सुधारित वाण २००८मध्ये प्रसारित झाला. तो साध्या संकरातूनच घडला. फक्त प्रत्येक पिढीत कोवळ्या रोपांचा डीएनए तपासून, तिन्ही जनुकं उतरलेली रोपं तेवढी पुढे नेली.