बोटीवर चढवणारा माणूस

आमच्या चाकूरहून कुठल्याही दिशेने निघा, समुद्र जवळ नाही. 2016 च्या उन्हाळ्यात लातूर शहराला पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले होते. अशा मुलखातला मुलगा बोटीवर नोकरी करायची म्हणाला की घरात आधी हसू येते. माझा भाचा म्हणाला तेव्हा मीही हसलो होतो. पण भावजींनी दीड एकर कोरडवाहू रान विकले आणि नवी मुंबईतल्या एका एजंटाला साडेतीन लाख रुपये दिले. पोराच्या हाती परदेशी शिक्क्याची एक पुस्तिका आली, व्हिजिट व्हिसावर त्याची आखातात रवानगी झाली, आणि एका जुनाट बोटीवर पाच महिने राबून तो बिनपगारी परत आला. परतीच्या तिकिटासाठी बहिणीने पाटल्या मोडल्या.

त्या एजंटाबद्दल मला फारसे लिहायचे नाही. मला छळत राहिला तो वेगळा प्रश्न. बोटीची नोकरी मुंबई बंदरात शंभर-दीडशे वर्षे मिळते आहे. मग ती मिळवायला मधला माणूस अजून का लागतो? आणि आमच्याकडच्या पोराला तो एवढा महाग का पडतो?

आगबोटींच्या काळात कंपनी खलाशाला एकेकटा कामावर घेत नसे. ती सारंगाला घेई आणि सारंग आपली माणसे घेऊन येई. ही माणसे बहुधा त्याच्याच गावची, नात्यागोत्यातली असत. सारंगाच्या हाताखाली तांडेल, मग खलाशी. स्वयंपाकाला भंडारी, झाडलोटीला टोपास. पी अँड ओसारख्या कंपन्यांच्या बोटींवर डेकवर कोकण-गुजरात किनाऱ्याची माणसे दिसत, तर खानपानाच्या कामावर गोवेकर. इंग्रज या साऱ्यांना ‘लास्कर’ म्हणत, म्हणजे आपल्याच ‘लष्कर’चे बोटीवर गेलेले रूप. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटिश व्यापारी बोटींवर असे पन्नास हजारांहून अधिक लास्कर होते. गोऱ्या खलाशाच्या मानाने त्यांचा पगार अगदीच तुटपुंजा असे.

या सारंगाच्याही वर बंदरात बसलेला एक माणूस असे: घाट सारंग. तो खलाशांना राहायला खोली देई, बोट मिळेपर्यंत उधारीवर जेवू घाली, घरी पाठवायला कर्ज देई, आणि बोट लागली की व्याजासकट वसूल करी. बेकारीचे महिने जितके लांबत तितका खलाशी त्याच्या मुठीत अधिक जाई. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या मुकादमाची उचल ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

हे दलाल उठवावेत असे सरकारलाही फार लवकर कळले होते. नाविकांना नोकरी लावून देण्याबद्दल पैसे घेऊ नयेत, असा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार 1920 चा आहे. त्यामागोमाग 1922 मध्ये हिंदुस्थानात क्लो समिती नेमली गेली आणि तिनेही दलालांऐवजी सरकारी भरती कचेरीचा मार्ग सुचवला. कचेरी मात्र स्वातंत्र्यानंतरच खऱ्या अर्थाने उभी राहिली. मुंबईच्या नाविक रोजगार कार्यालयात खलाशाचे नाव पटावर चढे आणि पाळी आली की बोट मिळे. पाळी यायला कैक महिने लागत, पण पट होता, त्यावर आपला क्रमांक कितवा हे विचारता येत होते.

या काळात गोवेकरांनी जे केले ते मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. धोबीतलाव, माझगाव या भागांत त्यांनी गावोगावचे ‘कूड’ काढले. एका गावच्या पुरुषांनी मिळून घेतलेली ती जागा असे: भिंतीशी ओळीने पत्र्याच्या ट्रंका, एका बाजूला देव्हारा, महिन्याची नाममात्र वर्गणी. धोबीतलावच्या जेर महाल या इमारतीत असे कूड होते. बोट नसलेल्या तारवटीला, म्हणजे गोव्याच्या खलाशाला, तिथे डोके टेकायला जागा मिळे. पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे बातमी मिळे. कुठली कंपनी पगार बुडवते, कुठला दलाल खोटा, कुठल्या बोटीवर माणूस हवा आहे, हे संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर फुकट कळे. मराठवाड्याचा कूड कधी निघाला नाही. निघण्याचे कारणही नव्हते. आमची माणसे मुंबईला गेली तीही मुख्यतः जमिनीवरच्या कामाला.

पुढे खाजगी भरती कंपन्यांचा जमाना आला. त्यांना वेसण घालणारे नियम 2005 मध्ये झाले आणि 2016 मध्ये ते नव्याने केले गेले. आज भारतीय नाविकाला बोटीवर पाठवणाऱ्या कंपनीला नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. त्याला या धंद्यात सगळे ‘आरपीएसएल’ म्हणतात. परवान्यासाठी बँक हमी ठेवावी लागते आणि परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. शिवाय नाविकांच्या हक्कांचा 2006 चा जागतिक करार भारताने 2015 मध्ये स्वीकारला आहे. त्यानुसार नोकरी लावण्याचे पैसे नाविकाकडून घेता येत नाहीत. पासपोर्ट, वैद्यकीय दाखला आणि नाविक-पुस्तिका एवढाच खर्च त्याने करायचा; व्हिसाचा खर्चसुद्धा बोटमालकाचा. दोन महिने पगार थकवला तर बोटमालकाने खलाशांना वाऱ्यावर सोडले असे धरतात, आणि चार महिन्यांपर्यंतचा थकीत पगार विम्यातून मिळण्याची तरतूद 2017 पासून लागू आहे. पण ही तरतूद कागदोपत्री नीट असलेल्या बोटींना. माझा भाचा ज्या बोटीवर होता तिच्या विम्याचा कागद त्याने कधी पाहिलाच नव्हता.

खरा रस्ता फार गुंतागुंतीचा नाही. दहावीला गणित, विज्ञान आणि इंग्रजी असलेल्या, साडेसतरा ते पंचवीस वयाच्या मुलाला ‘जीपी रेटिंग’चा सहा महिन्यांचा कोर्स करता येतो. संस्था महासंचालनालयाने मान्य केलेली हवी. ‘इंडोस’ क्रमांक काढायचा, डोळे आणि प्रकृती मान्यताप्राप्त डॉक्टरकडून तपासून घ्यायची, शेवटची परीक्षा द्यायची, आणि मग सीडीसी मिळते. ही नाविकाची पुस्तिका; प्रत्येक सफरीची नोंद तिच्यात होते. प्रशिक्षणात लाइफ जॅकेट घालून पाण्यात उडी मारावी लागते. विहिरीत पोहायला शिकलेल्या आमच्या पोरांना त्याची धास्ती नसते, आगीच्या धुरात शिरण्याची असते. बारावीला विज्ञान शाखेत चांगले गुण असतील तर अधिकारी होण्याची वाट वेगळी आहे, भारतीय सागरी विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेतून.

अडचण यानंतर सुरू होते, आणि ती नियमांत कुठेही लिहिलेली नाही. कोर्स केलेली पोरे पुष्कळ, त्यांना पहिल्यांदा घेणाऱ्या बोटी थोड्या. कंपनीला अनुभवी माणूस हवा आणि अनुभव पहिल्या सफरीशिवाय येत नाही. सगळा बाजार भरतो तो या पहिल्या सफरीचा. कायद्याने घाट सारंग संपवला. पण बोटीअभावी बसून राहिलेल्या माणसांवर तो जगत होता, आणि ती माणसे आजही आहेत. फरक एवढाच, की घाट सारंग निदान त्याच बंदरात राहत असे आणि दुसऱ्या सफरीलाही त्याच खलाशाशी गाठ पडायची, म्हणून थोडी तरी चाड ठेवी. आताच्या एजंटाला एका पोराशी दुसऱ्यांदा गाठ पडण्याची गरज नाही. सिमकार्ड बदलले की झाले.

म्हणून त्याच्या वागण्याची तऱ्हा ओळखता येते. तो भारतीय सीडीसीऐवजी परक्या देशाची पुस्तिका झटपट मिळवून देतो. व्हिसा नोकरीचा नसतो, भेटीचा असतो. करारपत्र विमानतळावर देईन म्हणतो. बोटीचे नाव विचारले तर टाळतो. वास्तविक प्रत्येक मोठ्या बोटीला सात आकड्यांचा कायमचा आयएमओ क्रमांक असतो आणि नाव बदलले, मालक बदलला तरी तो बदलत नाही. नाव आणि हा क्रमांक मिळाला तर बोट किती जुनी, कुणाची, हे शोधता येते. 2024 मध्ये जगभर वाऱ्यावर सोडल्या गेलेल्या नाविकांत सर्वाधिक भारतीय होते. त्यांतले सगळेच अडाणी नव्हते.

भाचा अजून जायचे म्हणतो. पुढच्या पौषात त्याला पंचविसावे संपेल, म्हणजे कोर्सचे दार बंद होईल. बहीण माझ्याशी यावर बोलत नाही. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. “मामा, या वेळी लायसन नंबर मागून घेतला,” असे म्हणून त्याने तो धाडला. मी यादीत पाहिले. कंपनी होती, क्रमांकही बरोबर होता, फक्त दूरध्वनी वेगळा होता. यादीतल्या दूरध्वनीवर मी चौकशी केली तेव्हा पलीकडच्या बाईंनी सांगितले की सध्या त्यांची कसलीही भरती नाही, आणि असा फोन त्या आठवड्यातला माझा चौथा.