सहावा आकडा

इस्लापूरच्या मुलांना मी ‘पाय’ ही संख्या बैलगाडीच्या चाकावरून शिकवत असे. दोरीने चाकाचा व्यास मोजायचा, त्याच दोरीने घेर मोजायचा. चाक लहान असो वा मोठे, घेर व्यासाच्या तिपटीहून थोडासा जास्त भरतो. ते ‘थोडासा’ नेमके किती, हा प्रश्न माणसाला हजारो वर्षे पुरला आहे.

पाठ्यपुस्तकातले २२/७ हे त्याचे कामचलाऊ उत्तर. चार फूट व्यासाच्या चाकाचा घेर त्याने काढला तर चूक होते साधारण दीड मिलिमीटरची. चाकावर लोखंडी धाव चढवणाऱ्या लोहाराचे त्यावाचून काही अडत नाही. भास्कराचार्यांनी इ. स. ११५०च्या ‘लीलावती’त २२/७ला स्थूल म्हटले आणि सूक्ष्म मान म्हणून ३९२७/१२५० दिले. म्हणजे ३.१४१६. या मानाने त्याच चाकाच्या घेरातली चूक केसाच्या जाडीपेक्षाही कमी होते. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. ‘किती अचूक पुरे’ हा विचार आपल्या मातीत इतका जुना आहे.

आमच्या शाळेत संगणक नवा होता तेव्हा मी मोठ्या हौसेने एक छोटी आज्ञावली लिहिली. सूत्र सोपे होते : १ मधून १/३ वजा करा, १/५ मिळवा, १/७ वजा करा, असेच पुढे जात राहा आणि शेवटी चारने गुणा. पाच लाख पदांची बेरीज झाली. उत्तराची पहिली दहा दशांशस्थळे मी फळ्याच्या वरच्या कडेला रंगाने लिहिली : ३.१४१५९०६५३५.

दुसऱ्या दिवशी नववीतली एक मुलगी भावाचा कॅल्क्युलेटर घेऊन आली. “सर, सहावा आकडा जुळत नाही. तिथं दोन पाहिजे, तुम्ही शून्य लिहिलंय. त्याच्या पुढचे मात्र जुळतात.”

मी सगळ्या वर्गासमोर म्हणालो, “तुझा कॅल्क्युलेटर किती रुपयांचा गं? हा संगणक आहे. संगणक चुकत नाही. बस खाली.” ती बसली. वर्ग हसला.

शाळा सुटल्यावर मात्र राहवेना. फळ्यावर उतरवताना मीच चुकलो असेन म्हणून आज्ञावली पुन्हा चालवली. पुन्हा शून्यच. गणित चुकले असते तर त्यापुढचे सगळेच आकडे बिघडायला हवे होते. मध्येच एक आकडा चुकीचा आणि पुढचे बरोबर, हे कसे?

उत्तर त्या सूत्रातच होते. ही बेरीज खऱ्या किमतीच्या कधी वर, कधी खाली जात हळूहळू जवळ येते. आपण जिथे थांबतो तिथे काही बाकी राहतेच. पाच लाख पदांवर थांबले तर ती बाकी जवळजवळ नेमकी १/५,००,००० असते, म्हणजे ०.०००००२. ती फक्त सहाव्या स्थळावर बसते, म्हणून तिथल्या दोनाचा शून्य झाला. बाकीचा पुढचा, अतिसूक्ष्म भाग थेट अठराव्या स्थळाशी येतो. माझ्या संगणकाची अचूकता त्याआधीच संपत होती. यंत्राने बेरीज चोख केली होती. चूक थांबणाऱ्याची होती.

ही मालिका युरोपात सतराव्या शतकात ग्रेगरी आणि लायब्निट्झ यांना सापडली. त्याच्या बऱ्याच आधी, चौदाव्या शतकात, ती केरळातल्या संगमग्रामच्या माधवाला ठाऊक होती. त्याच्या परंपरेतल्या ‘युक्तिभाषा’ या ग्रंथात थांबताना करायच्या दुरुस्तीची चर्चा आहे आणि तिला ‘अंत्यसंस्कार’ असे नाव आहे. त्यातली अगदी सोपी दुरुस्ती माझ्या उत्तरात मिळवली तर बरोबर ०.०००००२ची भर पडते आणि शून्याचा दोन होतो. जी गोष्ट मी विसरलो होतो ती सहाशे वर्षांपूर्वी माहीत होती.

चुकीचे आकडे भिंतीवर लिहिणारा मी पहिला नव्हे. इंग्लंडमध्ये शाळा चालवणाऱ्या विल्यम शँक्स यांनी कित्येक वर्षे हाताने आकडेमोड करून १८७३ साली ७०७ दशांशस्थळे प्रसिद्ध केली. १९३७ साली पॅरिसच्या विज्ञान संग्रहालयात ती एका गोल दालनाच्या भिंतीवर लावली गेली. पुढे डी. एफ. फर्ग्युसन यांनी वेगळे सूत्र आणि टेबलावरचे गणनयंत्र वापरून पडताळा घेतला, तेव्हा ५२८व्या स्थळापासून पुढचे सगळे आकडे चुकीचे निघाले. १९४९ साली भिंत दुरुस्त करावी लागली. त्याच वर्षी अमेरिकेत एनिअॅक या संगणकाने सुमारे सत्तर तासांत २,०३७ स्थळे काढली.

तिथून पुढचा वेग केवळ यंत्रांचा नाही, सूत्रांचाही आहे. माझ्या मालिकेत एक आकडा वाढवायला दहापट पदे लागतात. रामानुजन यांनी १९१४ साली दिलेल्या एका सूत्रात प्रत्येक पदाबरोबर सुमारे आठ आकडे मिळतात. १९८५ साली बिल गॉस्पर यांनी त्याच सूत्राने पावणेदोन कोटी आकडे काढले. चुडनॉव्हस्की बंधूंच्या सूत्रात एका पदाला सुमारे चौदा आकडे येतात. अलीकडचे विक्रम त्याच सूत्राचे आहेत. गुगलमधल्या एमा हारुका इवाओ यांनी २०२२ साली शंभर लाख कोटी आकड्यांचा टप्पा गाठला.

इतके आकडे तपासायचे कसे? त्यासाठी १९९५ साली सापडलेले बेली, बोरवाइन आणि प्लूफ यांचे सूत्र उपयोगी पडते. दहाऐवजी सोळाच्या पायावर संख्या लिहिली, तर या सूत्राने आधीचे आकडे न काढता थेट दूरवरचा हवा तो आकडा काढता येतो. मोठ्या गणनेत कुठेही घसरण झाली तर तिचा परिणाम शेवटापर्यंत पोहोचतो. म्हणून अगदी शेवटचे आकडे या दुसऱ्या वाटेने काढून जुळवून पाहतात. ते जुळले तर मधल्यांवर भरवसा ठेवता येतो.

एवढ्या आकड्यांचा व्यवहारात उपयोग नाही. ग्रहांपर्यंत यान न्यायला नासाला पंधरा दशांशस्थळे पुरतात. उपयोग आहे तो यंत्र पारखण्याचा. १९८६ साली डेव्हिड बेली यांनी क्रे-२ या महासंगणकावर पायचे सुमारे तीन कोटी आकडे काढले, तेव्हा त्या यंत्रातलेच दोष उघड झाले.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सगळे सांगितले आणि त्या मुलीची माफी मागितली. ब्रश तिच्याच हातात दिला. तिने शून्य खोडून दोन लिहिला. रंग थोडा वेगळा होता, त्यामुळे तो आकडा उठून दिसायचा. नंतरच्या मुलांनी कारण विचारले की मी सांगत असे : संगणकाने दिले म्हणून उत्तर खरे होत नाही आणि सर म्हणाले म्हणूनही होत नाही. वेगळ्या वाटेने गेल्यावरही तेच उत्तर आले, तर ते खरे मानायला हरकत नाही.