मार्क्यावरचा पहारा: १९४० ते आज

१९४० पूर्वी आपल्याकडे व्यापारचिन्ह नोंदवण्याची सोयच नव्हती. मार्का आपला आहे हे सांगायचं, तर सब-रजिस्ट्रारकडे मालकीचं निवेदन नोंदवायचं आणि वर्तमानपत्रात ‘नकली मालापासून सावध’ अशी जाहिरात द्यायची. तरीही कुणी नक्कल केली, तर तो आपल्या नावावर स्वतःचा माल खपवतो आहे अशी फिर्याद घेऊन दिवाणी कोर्टात जायचं. तिथं आपल्या नावाची बाजारात पत आहे हे आधी सिद्ध करावं लागे. बाजारावर नजर ठेवायची ती फिरत्या विक्रेत्यांनी आणि ओळखीच्या दुकानदारांनी.

१९४० च्या कायद्यानं नोंदवही आली आणि तिचं कार्यालय मुंबईत थाटलं गेलं. प्राथमिक छाननीतून पार पडलेला अर्ज कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापायचा, ज्याला हरकत असेल त्यानं मुदतीत घ्यायची, ही पद्धत तेव्हा रुजली ती आजतागायत. सरकार नाव छापून मोकळं होतं, ते वाचण्याचं काम मात्र मालकाचं. पुढच्या साऱ्या खटल्यांचं मूळ या वाटणीत आहे.

वेळेवर वाचलं तर काय होतं, हे ‘ग्लुकोव्हिटा’च्या मालकांनी दाखवलं. ग्लुकोज पावडरचं हे नाव नोंदलेलं असताना एका बिस्किट कंपनीनं ‘ग्लुविटा’साठी अर्ज केला. त्यांनी हरकत घेतली आणि १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती मान्य केली. पावडर आणि बिस्किटं वेगळी असली तरी बिस्किटात ग्लुकोज घालतात, त्यामुळे दोन्ही एकाच घरची आहेत असं गिऱ्हाइकाला वाटू शकतं, असं न्यायालय म्हणालं.

गप्प बसण्याची किंमत ‘अमृतधारा’ या औषधाच्या मालकांनी मोजली. झाशीची ‘लक्ष्मणधारा’ १९२३ पासून बाजारात होती. दोघांच्या जाहिराती त्याच नियतकालिकांत येत, तरी अमृतधारावाल्यांनी तक्रार केली नाही. प्रतिस्पर्ध्यानं १९५० मध्ये नोंदणीसाठी अर्ज केला, तेव्हा ते जागे झाले. नावं फसगत होण्याइतकी सारखी आहेत हे सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्ये मान्य केलं, पण इतकी वर्षं चालू दिलेलं नाव पुरतं बंद करता येईना. लक्ष्मणधाराला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली.

तिसरी गोष्ट विलेपार्ल्याच्या पारले कंपनीची. ग्लुको बिस्किटांच्या पिवळसर वेष्टनावर शेतघराचं अंगण, मधोमध पाण्याची बादली घेतलेली मुलगी, भोवती गाई-कोंबड्या. १९६१ मध्ये कंपनीला कळलं, की म्हैसूर राज्यातल्या एका कारखान्याची बिस्किटं तशाच वेष्टनात विकली जात आहेत. तिथल्या मुलीच्या डोक्यावर गवताचा भारा, हातात विळा, गाई-कोंबड्याही निराळ्या. खालच्या दोन्ही न्यायालयांनी हे फरक मोजले आणि पारलेचा दावा फेटाळला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल फिरवला. दुकानात कुणी दोन पुडे शेजारी ठेवून ताडून पाहत नाही. मनात राहिलेलं ठळक चित्र सारखं असलं की फसगत होते, असा त्याचा आशय. आजही नक्कल ओळखताना हाच निकष लावतात. मात्र तो मिळवण्यात अकरा वर्षं गेली.

१९९९ चा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. हॉटेल, शिकवणी, दवाखाना अशा सेवांची नावंही आता नोंदवता येऊ लागली. नंतर नोंदलेल्या चिन्हाचा वापर माहीत असूनही सलग पाच वर्षं खपवून घेतला, तर त्यावर आक्षेप घेण्याचा हक्क साधारणपणे जातो, हे कायद्यातच लिहिलं गेलं. अमृतधाराचा धडा असा कलमात उतरला. त्याच सुमारास २००१ मध्ये ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ या मलेरियाच्या औषधांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं बजावलं, की औषधांच्या नावात घोटाळा झाला तर जिवावर बेतू शकतं, म्हणून तिथं कसोटी अधिक कडक हवी.

मग बाजार इंटरनेटवर गेला. ‘सिफी’विरुद्ध ‘सिफ्फी’ या वादात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखं संरक्षण दिलं. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं गुगलच्या जाहिरातींबद्दल निकाल दिला: प्रतिस्पर्ध्याचं नाव शोधशब्द म्हणून विकत घेणं दर वेळी हक्कभंग ठरत नाही, पण त्यातून ग्राहकाची दिशाभूल झाली तर गुगललाही हात झटकता येणार नाहीत.

आज जर्नल दर सोमवारी संकेतस्थळावर फुकट येतं. चिन्ह, अर्जाचा क्रमांक, मालाचा किंवा सेवेचा वर्ग, अर्जदाराचं नाव आणि वापर कधीपासून किंवा ‘वापर प्रस्तावित’, एवढा मजकूर एका नोंदीत असतो. हरकतीची मुदत जाहीर झाल्यापासून चार महिने, ती वाढवून मिळत नाही. पाळत ठेवणारी सॉफ्टवेअरं सारखी नावं शोधून देतात. पण ‘अमृत’ हे एकच नाव रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे लिहिलं जातं, आणि यंत्राला एकच स्पेलिंग सांगितलं तर बाकीची निसटू शकतात. मराठी नावाच्या मालकानं सगळी स्पेलिंगं आणि देवनागरी रूपही शोधायलाच हवं.

या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत कायदे आणि साधनं बदलली, पण नजर ठेवण्याची जबाबदारी मालकाकडेच राहिली. नोंदणीचा दाखला फ्रेम करून गल्ल्यामागे टांगला की काम संपलं असं मानणारे व्यापारी अजूनही पुष्कळ आहेत. त्यांना एवढंच सांगणं: सोमवारी जर्नलमधला आपला वर्ग चाळा, महिन्यातून एकदा ऑनलाइन दुकानांत आपलं नाव टाकून पाहा, आणि काही सापडलं तर त्याच आठवड्यात वकिलाला फोन करा.