गुसाडीची मुभा

आश्विनी पौर्णिमेच्या सुमारास, चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकास माणिकगडच्या डोंगररांगांत वसलेल्या राजगोंड आणि कोलाम यांच्या गुड्यांवर ढोल बाहेर निघतात, त्यांची यथासांग पूजा होते, आणि तेव्हापासून दिवाळी आटोपेपर्यंत त्या मुलखावर दंडारी या नाचाचा अंमल बसतो. वैनगंगेकाठच्या झाडीपट्टीत दंडार म्हणून जो लोकनाट्याचा प्रकार प्रसिद्ध आहे, त्याच्याशी हिचा घोळ करू नये. तेथे सोंगे आणि संवाद यांना महत्त्व असते, येथे सारे काही वाद्य आणि पाय यांच्यात चालते.

हा मुलूख मुळात चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, दफ्तरातला नव्हे. राजुरा तालुका निजामाच्या अमदानीत आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो नांदेडकडे आला आणि १९५९ साली चांद्याला जोडला गेला. त्यातूनच पुढे निघालेल्या जिवती तालुक्यातील चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण या दोन्ही सरकारांनी हक्क सांगितला असून, तेथील पुष्कळ कुटुंबांची नावे दोन्हीकडच्या मतदारयाद्यांत सापडतात. दंडारीचा प्रवास सोयरिकीच्या वाटेने होतो आणि सोयरीक तर अलीकडची-पलीकडची सरमिसळ, त्यामुळे महसूल खात्याची ही सरहद्द नाचणाऱ्यांच्या कधी ध्यानातही येत नसावी.

एका गावचे तरुण आपली वाद्ये आणि गुसाडी हे वेषधारी नर्तक घेऊन दुसऱ्या गावी जातात. यजमान गाव सामोरे येते, वाद्यांना मान देऊन ठेवून घेते, रात्रभर नाच होतो, जेवणावळ होते, आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना निरोप मिळतो. पुढे कधीतरी या भेटीची परतफेड व्हावयाची असते. ढोल, गुमेला, पर्रा, तुडूम ही चर्मवाद्ये आणि त्यांच्या जोडीला पेपरे हे सुषिरवाद्य, असा ताफा असतो. गोंडांचे परंपरागत भाट जे परधान, जे एरवी किंगरीच्या साथीने त्यांच्या देवदेवतांच्या आणि वीरांच्या कथा गातात, त्यांचाही या वादनात वाटा असतो. तरुण पोरे हातात टिपऱ्या घेऊन रिंगण धरतात, आणि ते बांधीव पावलांचे रिंगण चालू असता बाजूने घुसतो तो गुसाडी.

त्याचा वेष पाहण्यासारखा असतो. डोक्यावर शेकडो मोरपिसांचा भरगच्च टोप, त्याच्या दोन्ही अंगांना शिंगे, अंगावर राखेचे पट्टे, खांद्यावर कातडे, कमरेला व पायांत घुंगरू, आणि हातात काठी. इतक्या दिवसांत त्याने स्नान करावयाचे नाही, असा दंडक आहे. एत्मासूर या देवाचा संचार त्याच्या ठायी मानला जातो, म्हणून दुखणाइतास त्याची काठी लावून घेणारेही असतात. परंतु याच दैवी पुरुषास वाटेल त्याची थट्टा करण्याची, नकला करण्याची, म्हाताऱ्यांना चिडविण्याची पूर्ण मुभा असते. आणि हा विरोधाभास आपणा शहरवासीयांस वाटतो तितका त्या लोकांस वाटत नाही. गुडघ्यांतून वाकून, खांदे थरथरवीत, टोपाचा सारा पिसारा पुढे झुकवून तो ढोलकऱ्याच्या अगदी समोर येतो. ढोलकरी थापेची चाल द्रुत करतो, तसे घुंगरू तिच्या मागे धावतात. मग गुसाडीच मध्ये एकाएकी थबकतो, आणि आता ढोलाने काय करावे हा प्रश्न ढोलकऱ्यापुढे पडतो. या सवालजबाबाची तालीम कोठे झालेली नसते. ऋतू, वाद्ये, वेष, व्रत आणि रिंगण हे सारे रूढीने पक्के बांधून टाकलेले असल्यामुळेच, माझ्या मते, उरलेल्या जागेत हा माणूस इतका निर्धास्त वागू शकतो.

न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत १९२६ ते १९५८ या काळात चाललेल्या सॅव्हॉय नामक नृत्यगृहात काळ्या नर्तकांनी जॅझच्या तालावर लिंडी हॉप हा नाच घडविला, तेथेही नर्तक आणि वादक यांचा व्यवहार याच जातीचा होता. चिक वेब हा तेथील नामांकित वाद्यवृंदप्रमुख स्वतः ढोलवादक होता, ही गोष्ट सहज लिहून ठेवण्याजोगी.

गडचिरोलीकडे, भामरागड-एटापल्लीच्या माडिया गावांत, रेला नाचाची रीत निराळी. तेथे एकट्याला मोकळीक नाही. हातात हात गुंफून साखळी धरावयाची, पावले एकसारखी टाकावयाची, आणि नवे जे काही सुचेल ते गाण्याच्या ओळीत घालावयाचे. एकाने ओळ टाकावी आणि साखळीने ती उचलावी, असा तो क्रम रात्र सरली तरी थांबत नाही.

दंडारीकडे परत यावयाचे तर, १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात गोंडांचा पुढारी कुमराम भीम याचा उठाव निजामाच्या पोलिसांनी मोडून काढल्यानंतर गोंडांच्या असंतोषाची कारणे शोधण्यास ज्याचे साहाय्य घेतले गेले, तो ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ मारलावाई येथे राहिला होता. त्याच मारलावाईच्या कनका राजू या गुसाडी नर्तकास २०२१ साली पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये ते निवर्तले. हा सन्मान योग्यच होता. तथापि सरकारी महोत्सवांत दंडारीला मोजकी मिनिटे नेमून देतात आणि प्रेक्षकांना खुर्च्यांवर बसवितात, तेव्हा टोप, घुंगरू, ढोल सारे जागेवर असूनही यजमान गावच नाहीसे होते, आणि थट्टा कोणाची करावी हेच गुसाडीस समजत नाही. मोरपिसांची चिंता त्या मानाने कमी आहे: १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मोराच्या शिकारीस बंदी असली तरी आपोआप गळालेली पिसे बाळगण्यास हरकत नाही, आणि जुने टोप घरोघर जपून ठेवलेले असतात.

दिवाळी सरता सरता कोलाबोडीचा विधी होऊन गुसाडी टोप उतरवितो, व्रत सुटते. तत्पूर्वी ज्याला तिकडे जावयाचे असेल त्याने गावच्या पाटलास आधी विचारावे, ढोलाजवळ जोडे घालून जाऊ नये, आणि रिंगणाच्या मध्येच आपली चाल, आपला चष्मा अथवा आपली पोटाची ढेरी यांची हुबेहूब नक्कल होऊ लागली तर राग न मानता खुशाल हसावे.