बागेच्या वाफ्यावर पालापाचोळा की खडी?

खान्देशात मार्च उजाडला की ऊन तापू लागते आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. धुळ्याकडे पाऊसही बेताचाच. अशा हवेत बंगल्याची, शाळेची किंवा मशिदीच्या आवारातील बाग जगवायची, तर झाडाच्या बुडाशी जमीन उघडी ठेवून चालत नाही. तिच्यावर आच्छादन करावे लागते. नर्सरी चालवणारे, बागकामाचे ठेके घेणारे, खडीची वाहतूक करणारे, वखारवाले, सुतार असे आपले अनेक बांधव या ना त्या रीतीने या कामाशी जोडलेले आहेत. गिऱ्हाईक विचारते, “पालापाचोळा टाकू की खडी?” त्याला काय सांगावे, याचा येथे विचार करू.

आच्छादन काय करते?

आपली काळी जमीन सुकली की भेगाळते. भेगांतून खालची ओल उडते आणि बारीक मुळ्या तुटतात. वर थर असला म्हणजे ऊन आणि वारा जमिनीला सरळ लागत नाही, ओल टिकते, तणही कमी उगवते. आपल्या केळीच्या शेतकऱ्याला हे नवीन नाही. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या केळीच्या बागांत कापलेली वाळकी पाने ओळींमध्येच पसरण्याची रीत आहे. टरबुजाच्या शेतात ठिबकाच्या नळीवर मल्चिंग पेपर अंथरतात, तेही याच कारणाने.

पालापाचोळा

केळीची पाने, उसाचे पाचट, गव्हाचे काड, पऱ्हाटीचे तुकडे, भुईमुगाची टरफले, रंध्याखालून निघणारे छिलके हे सर्व चालते. यामुळे जमीन थंड राहते आणि माल कुजला की त्याचे खत होते. मोगरा, गुलाब, जास्वंद, कढीपत्ता, लिंबू यांना हेच मानवते.

मात्र काही पथ्ये पाळावीत. थर ३ इंचांचा पुरे. खोडापासून ३-४ बोटे जागा मोकळी ठेवावी, नाहीतर बुंधा कुजतो. कोरड्या लाकडाला वाळवी लागते, म्हणून भिंतीला व लाकडी चौकटीला टेकवून थर देऊ नये. करवतीचा बारीक भुसा एकटा टाकला तर त्याची पपडी बनते आणि पाणी वरूनच वाहून जाते. तो काडात मिसळून टाकावा. ताजा भुसा मातीत कालवला तर तो कुजताना जमिनीतील नत्र खातो व पाने पिवळी पडतात. प्लायवूडचा आणि रंग दिलेल्या लाकडाचा भुसा बागेत नकोच. बुरशी आलेली टरफलेही घेऊ नयेत. श्रावणात काळी जमीन चिंब असते, तेव्हा थर पातळ करावा. दर वर्षी नवीन भर घालावी लागते, हा खर्च गिऱ्हाईकाला आधीच सांगावा.

खडी आणि गोटे

खडी कुजत नाही, उडत नाही, तिला वाळवी लागत नाही. ओलही ती काही प्रमाणात राखते. पण आपली खडी काळ्या पाषाणाची. दुपारी ती तापते आणि सूर्य मावळल्यावरही झाडाला धग देत राहते. नाजूक रोपांची पाने करपतात. पांढरे गोटे कमी तापतात, परंतु ऊन उलटून पानांच्या खालच्या बाजूला लागते. शिवाय खडीने जमिनीला खत मिळत नाही, आणि पावसाळ्यात ती काळ्या मातीत रुतते. मग वेचून काढणे जिकिरीचे होते. म्हणून खाली जाड, पाणी झिरपणारे कापड अंथरावे.

तरीही खडीची जागा आहे. पायवाट, पागोळ्यांखालची पट्टी, घराच्या पायालगतची जागा, तसेच निवडुंग, कोरफड, अडेनियम यांचे वाफे येथे खडीच योग्य. वारा जास्त असेल तेथे मध्ये पालापाचोळा व कडेला गोट्यांची ओळ, असा मेळही घालता येतो.

हिशेब

१०० चौरस फुटांच्या वाफ्यावर ३ इंच थराला २५ घनफूट, म्हणजे पाव ब्रास माल लागतो. २ इंच खडीला सुमारे १७ घनफूट. एक ब्रास खडीचे वजन चार ते साडेचार टन भरते. म्हणजे गच्चीवरच्या १०० चौरस फुटांवर खडी टाकली, तर ७०० किलोंच्या आसपास भार चढतो. जाणकाराला विचारल्याशिवाय असे काम घेऊ नये.

काम फेब्रुवारीअखेर उरकावे. आधी तण काढून भरपूर पाणी द्यावे, ठिबकाची नळी टाकावी आणि मग थर द्यावा. मशिदीत वुजूचे पाणी गटारात जाते. ते चर काढून वाफ्यांत वळवले तर बाग जगते आणि पाण्याची नासाडीही टळते.

सचोटीचा सौदा

खडीच्या एका खेपेत जास्त पैसे सुटतात, म्हणून मोगऱ्याच्या वाफ्यावर ती खपवण्याचा मोह होतो. मे महिन्यात झाडे वाळली की गिऱ्हाईक उन्हाला दोष देते, खरे कारण विक्रेत्याला ठाऊक असते. सहीह मुस्लिममध्ये प्रसंग आहे की, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आतला माल ओला निघाला. ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. आपल्या मालाचा दोषही असाच वर ठेवावा. एका खेपेचा नफा कदाचित कमी होईल. पण ज्याची बाग उन्हाळ्यातून तरली, तो गिऱ्हाईक पुढच्या वर्षी शेजाऱ्याला घेऊन येईल, इन्शाअल्लाह.