पिंपरीत जोडलेली मर्सिडीज

१९९५ साली पिंपरीत टाटांच्या टेल्को कंपनीच्या आवारात जोडलेली मर्सिडीज रस्त्यावर आली, तेव्हा तिच्याबद्दल एक तक्रार सर्रास ऐकू येई. जर्मनीत त्याच वर्षी नवी ई-क्लास आली होती आणि आपल्याला मात्र जाता जाता जुनं मॉडेल दिलं गेलं. तक्रार खोटी नव्हती. डब्ल्यू १२४ या सांकेतिक नावाची ही गाडी युरोपात १९८४च्या अखेरीस आलेली. पण आज तीस वर्षांनी मागे वळून बघताना मला वाटतं, पुण्याच्या वाट्याला आलेलं ते जुनं मॉडेल हेच आपलं नशीब. स्वतःच्या हाताने उघडता, तपासता आणि पुन्हा जोडता येईल अशी ऐषआरामी गाडी त्यानंतर फारशी झालेली नाही.

टेल्को आणि डाइमलर-बेंझचं नातं १९५४पासूनचं, मालट्रकांचं. मोटारींसाठीची भागीदारी झाली १९९४ साली. पेट्रोलवरची ई २२० आणि पाच सिलिंडरची ई २५० डिझेल या इथल्या दोन ओळखीच्या जाती. पुढे २००९मध्ये मर्सिडीज चाकणला स्वतःच्या कारखान्यात गेली. त्या सुरुवातीच्या गाड्यांपैकी काही आजही सिंहगड रस्त्याने धायरी, किरकटवाडी ओलांडून खडकवासल्यापर्यंत ये-जा करताना दिसतात. खडकवासल्याला त्या शोभतातही. १९१६पासून पाण्याचं संशोधन करणारं सीडब्ल्यूपीआरएस हे केंद्र याच गावात आहे. धरणाची छोटी प्रतिकृती करायची, तिच्यात पाणी सोडायचं, मोजायचं आणि मग बोलायचं, ही तिथली रीत. या गाडीलाही नेमकी तीच रीत मानवते.

तिचं बॉनेट उघडून बघा. बिजागरीचा खटका सोडला की ते आणखी मागे जाऊन सरळ उभं राहतं, काटकोनात. काम करणाऱ्याच्या डोक्यावर काही येत नाही, उजेड अडत नाही. दुरुस्ती करणाऱ्या माणसाचा विचार कागदावर रेघ ओढतानाच झाला होता, हे त्या एका खटक्यावरून कळतं.

डिझेल गाडीचा एक बिघाड नवख्याला घाबरवून सोडतो. चावी फिरवून बाहेर काढली, दार लावलं, तरी इंजिन चालूच! या डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, त्यामुळे वीज तोडून ते थांबत नाही; त्याचं इंधन तोडावं लागतं. ते काम व्हॅक्यूमवर चालतं. इंजिनावरच एक व्हॅक्यूम पंप आहे. चावी बंद केली की बारीक नळीतून ती ओढ इंजेक्शन पंपाच्या मागच्या डबीपर्यंत पोचते, डबीतला पडदा मागे खेचला जातो आणि डिझेल बंद होतं. वाटेत कुठे गळती असेल तर ओढ पोचतच नाही. इंजिन तेवढ्यापुरतं थांबवायला पंपापाशी ‘स्टॉप’ लिहिलेला खटका आहे, तो हाताने दाबायचा.

मग खरं काम. डबीवरची नळी काढायची आणि तिथे हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप लावून ओढ द्यायची. काटा जागेवर टिकला तर डबी चांगली आहे, दोष मागे आहे. मग एकेक जोड सोडत चावीपर्यंत जायचं. बहुतेक वेळा एखादा कडक झालेला, चिरलेला रबरी जोड सापडतो, ज्याची किंमत चहा-वड्यापेक्षा जास्त नसते. पण काढलेल्या नळीत इंजिन ऑइल दिसलं, तर डबी गेली असं समजावं. तिचं सील फुटून ऑइल वर ओढलं जातं, आणि वेळेत बदलली नाही तर ते थेट चावीच्या स्विचपर्यंत चढतं. हे न बघता सरसकट इंजेक्शन पंप उतरवायला सांगणारे गॅरेजवाले आहेत. या गाड्या आज ज्या भावात हाती येतात त्यात असल्या एका सल्ल्याने मालकाचं कंबरडं मोडतं आणि चांगली गाडी भंगारात जाते. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

पेट्रोलच्या ई २२०मध्ये तीच कथा तारांची. नव्वदच्या दशकातल्या या इंजिनांच्या वायरिंगचं आवरण इंजिनाच्या उष्णतेने कोरडं पडून भुगा होतं. गाडी उभ्या उभ्या वर-खाली रेस होते, मिस मारते, कधी बंद पडते. लोक सेन्सर बदलतात, थ्रॉटल बदलतात, हजारो घालवतात. त्याआधी बॅटरी सोडून इंजिनाजवळची एक तार दोन बोटांत धरून अलगद वाकवावी. आवरण तडकून खाली पडलं, तर निदान झालं. तारांचा अख्खा जुडगा, म्हणजे लूम, नव्याने ओवून घ्यावा आणि मगच बाकीच्या भागांकडे बघावं.

फ्यूजही जुन्या धाटणीचे, दोन्ही टोकांना निमुळते, गोळीसारखे. पांढरा आठ अँपिअरचा, लाल सोळाचा, निळा पंचवीसचा. पावसाळ्यात टोकांवर गंज धरतो आणि फ्यूज शाबूत असूनही दिवा लागत नाही, काच वर जात नाही. चावी बंद ठेवून तो जागच्या जागी बोटाने चार वेळा फिरवला तरी संपर्क परत येतो. दर पावसाळ्यानंतर सगळे फिरवून घ्यावेत, गंजलेले बदलावेत.

हिवाळ्यात धरणाकडून येणाऱ्या गारव्यात डिझेल गाडी सकाळी थरथरत, पांढरा धूर सोडत सुरू झाली, तर ग्लो प्लग बघावेत. पाच सिलिंडर, पाच प्लग. वायर काढून मल्टिमीटरने प्रत्येकाचा रोध मोजायचा. चांगला प्लग एक ओहमच्या आत दाखवतो, मेलेला काहीच दाखवत नाही. बदलताना घाई नको. तिथे काजळी बसलेली असते. जोर केला तर प्लग हेडमध्येच तुटतो. इंजिन कोमट असताना, थोडा सोडून थोडा परत आवळून काढावा.

गाडी तापण्याची परीक्षा घ्यायला तर हा परिसर सोयीचा आहे. रविवारी संध्याकाळी खडकवासला धरणाच्या चौपाटीवर कणसं आणि भज्यांच्या गाड्यांपाशी वाहतूक तुंबते. तिथे काटा चढला आणि गाडी हलल्यावर उतरला, तर पंख्याकडे बघा. उलट तुंबलेल्या रस्त्यात ठीक, पण डोणज्यावरून सिंहगडाचा घाट चढताना किंवा महामार्गावर वेग घेतल्यावर काटा चढतो, तर रेडिएटर तुंबलेला असण्याची शक्यता मोठी. नळाचं पाणी भरत राहण्याची सवय इथे नडते. हेड अॅल्युमिनियमचं आहे, त्याला कूलंटच लागतं. गरम असताना झाकण उघडायचं नाही, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही, खाली स्टँड हवेतच.

आणि तो एकुलता एक वायपर! एका दांड्याने काचेचा ८६ टक्के भाग पुसतो, कारण मधल्या गिअरमुळे दांडा फिरताना लांब-आखूड होतो आणि काचेच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत पोचतो. खडकवासल्याच्या मुसळधार पावसात तो झटके देऊ लागला तर मोटार गेली असं लगेच समजू नये. आतलं ग्रीस वाळलेलं असतं. मे महिन्यात खोलून, जुनं ग्रीस पुसून नवं भरावं. त्याच वेळी काचेखालच्या खोबणीत साचलेली पानंही काढावीत, नाहीतर पाणी आत उतरतं.

सुटे भाग मिळतात. नाना पेठेत विचारावं, बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात नजर टाकावी, नाहीच तर मुंबईत कुर्ल्याला जावं. मात्र रबर, ब्रेक आणि बॉल जॉइंट जुने घेऊ नयेत.

काही कामं घरी करण्याच्या फंदात पडू नये. इंजेक्शन पंपाचं आतलं काम टेस्ट बेंच असलेल्या पंपवाल्याकडेच द्यावं, आणि एसीचा इव्हॅपोरेटर गळत असेल तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, तोही हे काम आधी केलेल्या माणसाकडूनच. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण असतं. ही दोन्ही कामं त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात काढली, तर आरटीओची तारीख आणि पाऊस एकदम अंगावर येत नाहीत.